वृद्धाश्रमातल्या गोळ्या: ऑफिसात कुलूपबंद, की ज्याच्या त्याच्या उशाशी?

वर्धेकर:
आमच्या तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात सगळ्यांच्या गोळ्या ऑफिसच्या टेबलावर एकाच टोपलीत असतात. कापलेल्या पट्ट्या, ना कोणाचं नाव, ना एक्सपायरी. अल्प्राझोलाम ही झोपेची गोळीही त्यातच. ही गोळी शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येते, दुकानदाराला तिची वेगळी नोंद ३ वर्षं जपावी लागते. मग दुकानाबाहेर पडताच ती टोपलीत कशी? सगळं कपाटात, कुलपात ठेवा. किल्ली एकाकडे, आणि कोणाला काय दिलं याची वही.

मास्तर_पुसद:
मी आश्रमातच राहतो. किल्लीवाला रात्री गावाला गेला तर? मला अँजायना, म्हणजे हृदयाचं दुखणं आहे, छातीत कळ आली की सॉर्बिट्रेट त्या क्षणी जिभेखाली लागते. आणि डोकं शाबूत असलेल्या माणसानं आपलीच बीपीची गोळी रोज हात पसरून का मागावी?

वर्धेकर:
काका, सॉर्बिट्रेट खिशातच हवी, मान्य. पण शेजारच्या खाटेवर विसराळू आजोबा असले तर? शुगर नसलेल्यानं ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी खाल्ली की साखर फार उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. झोपलेत समजून सकाळपर्यंत कोणी बघत नाही.

नर्सताई_दिग्रस:
कुलपावर भांडताय, उन्हाचं काय? मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट दुपारी हाताला चटका देतं आणि आत ठेवलेल्या पट्ट्यांवर ‘३० अंशांखाली ठेवा’ छापलेलं असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. फ्रीज असला तरी लाईन जाते. बर्फाच्या कप्प्याला चिकटून बाटली गोठली तर वितळल्यावरही ती फेकायचीच. लाईन गेली की आम्ही इन्सुलिन कोरड्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवतो. कुलूप जरूर लावा, पण कपाट आतल्या थंड खोलीत, चुलीपासून लांब.

आर्णीचा_भाऊ:
ताई, समदं बराबर हाय. पन आश्रमात दोनच बाया. त्याच सैपाक करतेत, त्याच गोया देतेत. वही लिवाले येळ कुठून आनावं? आंधी एक मानूस वाढवा, मंग कुलपाचं बोला.

मास्तर_पुसद:
भाऊंचं खरं आहे. माझं म्हणणं इतकंच, ज्याला समजतं त्याला खाटेजवळ छोटी कुलपाची पेटी द्या. एक किल्ली त्याच्या गळ्यात, दुसरी बाईंकडे. गोळ्या मोजायच्या तर दर रविवारी मोजा, पण माझ्यासमोर.

वर्धेकर:
पेटी आणि रविवारची मोजणी मान्य. झोपेच्या गोळ्या मात्र ऑफिसातच राहतील, तिथे मी हटणार नाही.