इम्प्लांट आणि टीबीच्या गोळ्या

इम्प्लांट म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दंडाच्या कातडीखाली बसवतात ती हार्मोनची कांडी. एका ताईंनी लिहिलंय, "इम्प्लांट एकदा दंडात बसवलं की तीन वर्षं बघायला नको." बहुतेकींसाठी खरं आहे, पण टीबीची औषधं सुरू झाली की नाही. आमच्या सोलापुरात विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या घरांत टीबी नवा नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे यकृत इम्प्लांटमधलं हार्मोन फार लवकर मोडून टाकतं आणि दिवस राहू शकतात. टीबीच्या गोळ्या मात्र अजिबात बंद करू नका! त्या चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही चार आठवडे निरोध वापरा. कोर्स निदान सहा महिन्यांचा, तेव्हा तांबी बसवायची का, हेही डॉक्टरांना विचारा. फिट येऊ नये म्हणून देतात त्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन या गोळ्यांचंही असंच. कुठल्याही नव्या डॉक्टरला इम्प्लांटबद्दल आधी सांगा. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर चिठ्ठीवर लिहून द्या.

इम्प्लांट असताना अधूनमधून पाळीसारखे रक्ताचे डाग पडणं नेहमीचं आहे. पण आगकाडीएवढी ती कांडी दंडावर बोटांना लागेनाशी झाली, तर तपासून घेईपर्यंत निरोध वापरायचाच.