गावठीला कॉक्सी होत नाही: गुण रक्ताचा की उकिरड्याचा?

परसबागवाला:
पावसाळा लागला की कोंबड्यांच्या शेडवाल्यांचं तेच रडगाणं: कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस, आयमेरिया या सूक्ष्म परजीवीनं होणारा आतड्याचा रोग. चार आठवड्यांची पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात, तुसावर रक्ताचे डाग, आणि मालक गाडीला किक मारून त्यावरचं औषध अँप्रोलियम आणायला. माझ्या दारातल्या गावठीला यातलं काही होत नाही. कॉक्सीचा प्रतिकार रक्तातच असावा लागतो आणि वजनाच्या नादात आपण तो घालवला, हे माझं स्पष्ट मत. हवेत बोलत नाही. इजिप्तची फायूमी घ्या. रक्ती हगवण करणारा जो आयमेरिया टेनेला, तो मुद्दाम पाजून फ्रान्समध्ये वेगवेगळ्या जाती तपासल्या, त्यात फायूमी सगळ्यांत चिवट निघाली (१९९८). पुढे फायूमी-लेगहॉर्न संकरात या गुणाचा माग १ नंबरच्या गुणसूत्रापर्यंत लागला. मग औषधावर पैसा घालण्यापेक्षा पैदाशीवर का नको?

शेड नं. २:
दादा, तुमच्या दारात फिरते ती उरलेली कोंबडी. खुडुकीखाली बारा पिल्लं निघाली, सहा राहिली, की बाकीची घार आणि मुंगसाच्या खात्यावर! त्यातली हगवणीनं किती गेली, कोणी पोट फाडून बघितलंय? तीच गावठी पाचशे आणून माझ्या शेडमध्ये भरा, मग रक्ताचा गुण बोलू. विष्ठेतून पडलेल्या ऊसिस्टना (परजीवीची अंड्यासारखी कवचबंद रूपं) ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत त्या लागण करायला तयार. उकिरड्यावर ऊन असतं, जागा असते, चोचीत चार-दोनच जातात. इथं ड्रिंकरखालचं (पाण्याच्या भांड्याखालचं) तूस मुठीत दाबून बघा. गोळा तसाच राहिला तर पुढच्या आठवड्यात काय होणार ते मी आजच सांगतो. जात कसली बघता, गळती बघा.

बीव्हीएस्सी शेवटचं वर्ष:
दोघंही अर्धंच सांगताय. "चार-दोनच जातात" यातच तर मेख आहे. थोडी थोडी लागण म्हणजे फुकटची लस. अमेरिकेत १९५२ मध्ये जिवंत लस बाजारात आली ती याच तत्त्वावर.

पण गंमत पुढे आहे. पिल्लाचा बर्सा (अँटीबॉडी करणाऱ्या पेशी जिथे घडतात तो अवयव) काढून टाकला तर अँटीबॉडी जवळजवळ बंद होतात, तरीही एकदा लागण काढलेली ती कोंबडी दुसऱ्या वेळी टिकते. खरं काम टी-पेशी (प्रतिकाराच्या लढाऊ पेशी) आणि गॅमा इंटरफेरॉन या त्यांच्या संदेश-प्रथिनाचं. म्हणजे नुसती अँटीबॉडी मोजून 'ही जात तगडी' असा शिक्का मारता येत नाही. त्यात कोंबडीच्या आयमेरियाच्या नावाजलेल्या प्रजाती ७, आणि एकीविरुद्ध कमावलेली ताकद दुसरीला चालत नाही. टेनेला पचवलेली कोंबडी मॅक्झिमा या दुसऱ्या प्रजातीनं आडवी पडू शकते.

वंशाचा भाग खोटा नाही हं. इंग्लंडमध्ये कॉम्प्टनच्या संस्थेत दोन वंशांना मॅक्झिमा दिली, तेव्हा नाजूक वंशात इंटरल्यूकिन-१० (आयएल-१०) हे संदेश-प्रथिन जास्त सापडलं. हा आयएल-१० म्हणजे प्रतिकाराचा ब्रेक, आणि हा ब्रेक लागला की फावतं परजीवीचं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क कुक यांच्या गटानं अंड्यातून आयएल-१० विरोधी अँटीबॉडी काढून त्या खाद्यातून देऊन पाहिल्या. लागण होऊनही पिल्लांचं वजन सावरलं.

परसबागवाला:
ब्रेकसुद्धा वंशातच निघाला की! मग मी वेगळं काय म्हणत होतो?

कोकणी खुराडं:
तुम्ही म्हणत होता की जुनी जात म्हणजे काटक जात. ते कॉक्सीपुरतं धरून चाला, जंतांना लावू नका. डेन्मार्कमध्ये अस्कॅरिडियाची (आतड्यातले ते लांब पांढरे जंत) लागण देऊन तिथली जुनी देशी कोंबडी आणि लोहमन ब्राऊन ही कंपनीची लेयर (अंड्यांची कोंबडी) यांची तुलना झाली, २००१ चा निबंध आहे. सरस कोण ठरली? कंपनीची! जंतांशी लढणारी फळीच वेगळी, तिथे इंटरल्यूकिन-४ आणि १३ चा जोर लागतो. शिवाय मोकळी फिरणारी कोंबडी जंत जास्तच गोळा करणार. त्यांची अंडी ओल्या मातीत महिनोन्महिने तग धरतात, गांडुळातूनही पोटात जातात. आमच्याकडे अंगणात माती उकरून गांडूळ ओढताना कोंबडी बघितली की आधी हेच आठवतं.

परसबागवाला:
विषय कॉक्सीचा, तुम्ही जंतांवर नेलात. बांगलादेशात रोड आयलंड रेड कोंबडा आणि फायूमी कोंबडी यांच्या संकरातून 'सोनाली' तयार केली आणि ती घरोघर पोचली. आपण गावठीतून तसं का करू नये?

शेड नं. २:
करा की, अडवलंय कोणी? पण सोनालीतही कॉक्सी सापडतेच, तिथल्या डॉक्टरांना विचारा. आणि गुण वंशात उतरवायला पिढ्या लागतात. माझी बॅच सहा आठवड्यांत गाडीत चढते, तोवर तूस कोरडं ठेवणं आणि औषध एवढंच माझ्या हातात. सध्या अँप्रोलियम पाण्यातून चालू आहे, सोबत ताकदीला बी-कॉम्प्लेक्सची बाटली.

बीव्हीएस्सी शेवटचं वर्ष:
ती बाटली आधी बंद करा! अँप्रोलियम म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची नक्कल, आणि बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-१ असतंच. परजीवीला बी-१ मिळू द्यायचं नाही हेच त्याचं काम. वरून तुम्ही बी-१ ओतलंत तर औषध बोथट होणार. कोर्स संपल्यावर द्या.