सोसायटी ग्रुप : थिएटरात 'किंग लिअर' बघून आल्यावर

ए-३०२ : काल शेक्सपिअरचं लिअर बघून आलो आम्ही. ज्यांची तिकिटं काढायची राहिलीयेत त्यांनी प्लीज काढा, पुण्यात असं परत कधी लागेल सांगता येत नाही. लंडनला २०१८ मध्ये इयान मॅकेलननी केलेला प्रयोग नॅशनल थिएटर लाइव्हनी शूट केलाय, तो पडद्यावर दाखवतायत. माणूस तेव्हा ७९ वर्षांचा! वादळाच्या सीनला स्टेजवर खरं पाणी पडतं आणि हा नखशिखांत भिजून बोलत असतो, अख्खं थिएटर चिडीचूप.

सी-१०४ : अगं पण नटसम्राट लिअरवरूनच सुचलेलं ना? डॉक्टर लागूंचं बघितलंय आम्ही. मग तेच परत इंग्रजीत कशाला?

ए-३०२ : काका, बीज तिथलं पण शिरवाडकरांनी १९७० ला त्याचं पूर्ण वेगळं नाटक केलं. बेलवलकरांबरोबर सरकार, म्हणजे त्यांची बायको असते, घर सोडतात तेही दोघं मिळून. लिअरच्या घरात तीन मुली, पण त्यांची आई नाटकात कुठेच नाही, म्हातारा एकटा. आणि जी धाकटी खरं बोलली म्हणून हाकलून दिली, शेवटी तिचंच प्रेत हातांवर घेऊन येतो. मग मधेच म्हणतो, हे बटण जरा काढा, आणि आभार मानतो. एवढा मोठा राजा आणि एक बटण निघत नाही हो. तिथे मी रडले.

बी-५०१ : तिसरी घंटा नाही, समोर जिवंत माणूस नाही, टाळी वाजवली तर ती नटापर्यंत पोचणार नाही. मला नाही पटत हे.

ए-३०२ : टाळीचं खरंय. आणि अजून एक खटकतं, पहिल्या प्रवेशात थोरल्या दोघी बापाची स्तुती करतात तेव्हा मला गप्प उभ्या धाकटीकडेच बघत बसायचं असतं, पण इथे कॅमेरा दाखवेल तेच बघायचं. तरी चेहरा इतका जवळून बालगंधर्वच्या बाल्कनीतून कधीच दिसला नसता, आणि लंडनला जाऊन बघणारे आपल्यात किती? नाटक नाटकाच्या जागी आहेच, पण म्हणून हे सोडू नका.

डी-२०३ : सातवीतल्या मुलाला चालेल का?

ए-३०२ : नको गं. ग्लॉस्टर नावाच्या सरदाराचे डोळे काढतात तो सीन मोठ्यांनाही बघवत नाही. शिवाय साडेतीन तासांच्या आसपास आहे, इंटरव्हल धरून.

सी-१०४ : ते जुनं इंग्रजी झेपेल का आम्हाला?

ए-३०२ : विंदांनी केलेलं मराठी भाषांतर 'राजा लिअर' आधी वाचा, निदान पहिला आणि शेवटचा अंक, मग काही अडत नाही. माझ्याकडे आहे, संध्याकाळी कुणाला तरी पाठवा.

सी-१०४ : नातवाला पाठवतो. आणि शनिवारची दोन तिकिटं काढशील का आमची? मागच्या रांगेतली बघ, काकूला मान वर करून बसवत नाही. पैसे जीपे करतो.