मदत हवी: लेकीचे आफ्रो केस, पाच आठवडे पुणे-सातारा आणि न सापडणारा एक शब्द

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, तोही केसांचा, तेव्हा सांभाळून घ्या.

मी बाल्टिमोरजवळ राहते. नवरा ब्लॅक अमेरिकन, लेक पंधरा वर्षांची. केस तिने बापाच्या घराण्याचे घेतलेत. इथे त्यांना ४सी म्हणतात: उदबत्तीच्या काडीवर गुंडाळून काढावीत इतकी बारीक वेटोळी. ओले ताणून धरले तर खांद्याखाली येतात, वाळले की कानांच्या वर जाऊन बसतात. डिसेंबरात भाच्याच्या लग्नाला पाच आठवडे येतोय, आधी पुणे, मग सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. मदत त्यासाठी हवी आहे. पण आधी माझी पापं सांगते, नाहीतर तुम्हीही मला तीच करायला सांगाल.

ती लहान असताना मी तेच केलं जे आईने माझं केलं. खोबरेल थापायचं आणि कोरड्या केसांत फणी घालून मुळापासून ओढायची. ती रडायची, फणीचे दात तुटायचे, मांडीवर केसांचे तुकडे. असा केस प्रत्येक वळणावर नाजूक असतो आणि टाळूचं तेल त्या वेटोळ्यांतून शेंड्यापर्यंत उतरतच नाही. सासूबाई सांगत होत्या. मी ऐकत नव्हते.

ती नऊ वर्षांची असताना हार मानून मी दुकानातून लहान मुलांचा रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करायचं रसायन, आणला. मोठ्यांच्या काही रिलॅक्सरमध्ये कॉस्टिक सोडा असतो. यात तो नव्हता, चुना होता. खरंच, पानाला लावतात तोच, दुसऱ्या बाटलीतल्या रसायनात कालवायचा. तीन वर्षं मी लेकीच्या डोक्याला चुना लावत होते. दोन्ही अर्थांनी.

मग २०२२च्या ऑक्टोबरात इथल्या एका मोठ्या पाहणीची बातमी आली. ३३,४९७ बायका. सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, एवढं मलाही कळतं. तरी डबा त्याच रात्री कचऱ्यात गेला. काही महिन्यांनी लेकीने स्वतःच कात्री घेतली आणि सरळ केलेला सगळा भाग कापून टाकला. बोटाच्या एका पेराएवढे केस उरले. मला वाटलं आता रडेल. म्हणाली, "मम्मा, डोकं हलकं लागतंय."

तेव्हापासून रविवार सासूबाईंचा. त्या सोफ्यावर, नात खाली त्यांच्या गुडघ्यांत पाठमोरी. (साताऱ्याला मी आजीसमोर अगदी अशीच बसायचे.) आधी पाणी फवारायचं, मग भरपूर कंडिशनर, मग बोटांनी गुंता सोडवायचा. त्यानंतर मोठ्या दातांचा कंगवा, तोही शेंड्यांकडून मुळाकडे. वर क्रीम, सगळ्यात शेवटी तेल. सासूबाई म्हणतात, "तेल म्हणजे पाणी नव्हे. आधी केसाला पाणी पाज, मग तेलाचं झाकण लाव." मग दोन-दोन बटांचे पीळ घालायचे आणि रात्री सॅटिनची टोपी, कारण सुती अभ्रा ओलावा शोषून घेतो. अख्खी दुपार जाते.

आता प्रश्न.

पुण्याला भावाकडे बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरा थर बसतो. त्यात हे केस धुवायचे कसे? येतानाच बारीक वेण्या विणून आणाव्यात का? पाच आठवडे त्या सहज टिकतात. पण हळदीला डोक्यावर हळद-तेल ओतणाऱ्या मावश्या आहेत, आणि लेकीला लग्नात केस मोकळे हवे आहेत, गोल आफ्रो. पार्लरवाली वहिनीला म्हणाली, "एका दिवसासाठी इस्त्री फिरवू, काही होत नाही." होतं. जास्त उष्णतेने वेटोळं एकदा मोडलं की धुतल्यावरही परत येत नाही, नवा केस येईपर्यंत थांबावं लागतं.

शेवटचा प्रश्न जरा वेगळा. गेल्या खेपेला गावात तिने पीळ घातले होते. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी तिच्यापुढे हात जोडले. म्हणाल्या, "यल्लम्माची जट आहे, कापू नका हो पोरीचे." मागून कोणीतरी "झिपऱ्या" म्हणालं. लेकीला मराठी समजतं. तिने दोन्ही शब्दांचे अर्थ विचारले आणि मला धड सांगता आले नाहीत. झिपऱ्या, झिंज्या, राठ, जटा... या केसांना आपल्याकडे एक चांगला शब्द असेल ना?

---

प्रतिसाद:
घरच्या घाण्याचं खोबरेल रोज लावा, महिन्याभरात मऊ आणि सरळ होतील. अनुभव आहे.

प्रतिसाद (धागाकर्ती):
तेलाने सरळ होत नाहीत, दादा, आणि करायचेही नाहीत. वर एवढं लिहिलंय त्याबद्दलच.

प्रतिसाद (पुण्याहून):
ताई, माझे केस तुमच्या लेकीइतके नाहीत, पण बऱ्यापैकी कुरळे आहेत आणि आमच्याकडेही बोअरच आहे. शॅम्पू बोअरच्या पाण्याने चालेल, शेवटचं पाणी मात्र फिल्टरचं, दोन तांबे पुरतात. पाण्यातले क्षार काढणारा शॅम्पू तिकडूनच आणा, इथे शोधत बसाल. टोपीचं ओझं आणू नका. रविवार पेठेत सॅटिनचं कापड मीटरवर मिळतं, कोपऱ्यावरचा शिंपी अर्ध्या तासात शिवून देतो. आणि जेल विकत घेऊ नका. वाण्याकडून जवस आणा, पाण्यात उकळा, गरम असतानाच गाळा, गार झाल्यावर गाळलं जात नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं.

विणणारी हवी असेल तर पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन मुली खूप आहेत, बऱ्याच जणी एकमेकींचे केस विणतात. ओळखीतून चौकशी करा. पार्लरच्या वाटेला जाऊ नका.

प्रतिसाद:
मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, जट सोडवायला गावोगाव जाते. काकूंचा राग धरू नका. विंचरणं थांबलं, केस एकमेकांत घट्ट बसले, की देवीचं बोलावणं आलं असं समजून कितीतरी बायकांनी ते ओझं जन्मभर वागवलंय, मानदुखी आणि उवांसकट. कात्री लावायला गेलं की घर घाबरतं. काकूंनी तेवढंच पाहिलेलं आहे. लेकीला सांगा, जट म्हणजे केसांना हात न लावणं. तुमचा पीळ म्हणजे दर रविवारी अख्खी दुपार हात लावणं. जमलं तर काकूंसमोर बसून एक पीळ सोडून दाखवा. मी गावात अशीच सुरुवात करते.

प्रतिसाद:
शब्द आहे की! कुंतल, म्हणजे केस, बटा. संस्कृतातून आलाय, कवितेत आणि मुलींच्या नावांत अजून आहे. आणि आपलं साधं 'कुरळे' काय वाईट आहे?

प्रतिसाद (धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार. जवसाचा प्रयोग काल केला. पहिली खेप गार होऊ दिली आणि गाळणीच फेकावी लागली. दुसरी जमली. सासूबाईंनी वास घेऊन पाहिला आणि बाटलीवर आपलं नाव लिहून ठेवलं.

ठरलं ते असं: वेण्या इथूनच विणून येऊ, सैलसर, कारण घट्ट विणल्या तर कानशिलाजवळचे केस मुळापासून जातात. हळदीला डोक्यावर सॅटिनची टोपी, मावश्यांना मी बघून घेते. मग वेण्या सोडायच्या, धुवायचं आणि लग्नाला मोकळे. वहिनीला फोन करून इस्त्री रद्द केली. ती थोडी नाराज आहे.

'कुंतल' लेकीने तीन वेळा म्हणून पाहिलं. आवाज आवडला, पण जरा शाळेच्या बाईंसारखा वाटतो म्हणाली. 'कुरळे' तिला पुरेसं वाटत नाही, कारण मामेबहिणीच्या केसांनाही सगळे तेच म्हणतात. काकूंसमोर पीळ सोडायला मात्र तयार आहे, अट एकच, काकूंनी स्वतः हात लावून बघायचा. एरवी न विचारता कोणी केसांना हात लावलेला तिला अजिबात खपत नाही.

अजून एक विचारायचं राहिलं. तिला गजरा माळायचा आहे. आकडे या केसांत गडप होतात, सापडत नाहीत. मुळाशी गोल बांधायचा म्हटलं तर किती लांब घ्यावा? आणि अबोली डिसेंबरात मिळते ना पुण्यात?