टीएसएच नॉर्मल, पण फ्री टी४ कमी. पिट्युटरीचे (मेंदूखालच्या मुख्य ग्रंथीचे) रिपोर्ट कसे वाचायचे?

निरगुडी
मंडळी, मदत हवी आहे. रिपोर्ट मावशीचे आहेत, वय ४४. पाळी बंद, सतत थकवा, उभं राहिलं की चक्कर. बीपी ९४/६०. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक) २.१ (०.४ ते ४), फ्री टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) ०.६ (०.८ ते १.८), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं पिट्युटरीचं संप्रेरक) ६८ (२५ पर्यंत), सोडियम १३१, पोटॅशियम ४.२. एमआरआयमध्ये पिट्युटरीत १४ मिमीची गाठ, वरच्या दृष्टिचेतांच्या जोडाला (डोळ्यांच्या नसा जिथे मिळतात तिथे) टेकलेली. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) ५० मायक्रोग्रॅम लिहून दिलंय. एंडोक्रायनॉलॉजिस्टची (संप्रेरकतज्ज्ञांची) वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळाली आहे.
टीएसएच नॉर्मल असताना थायरॉइड कमी कसं? गोळी आजपासून द्यायची का? आणि प्रोलॅक्टिन वाढलंय म्हणजे प्रोलॅक्टिनोमाच (प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ) ना? मग नुसत्या गोळ्यांवर भागेल?

काटेतोल
आधी गोळीचं. सकाळी ८ चं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) हातात येईपर्यंत थायरॉक्सिन सुरू करू नका, आणि हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. पिट्युटरीचं एसीटीएच (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारं संप्रेरक) कमी पडलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल पुरेसं बनवत नाही. त्यात थायरॉक्सिन दिलं तर शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते, असलेलं कॉर्टिसॉलही लवकर संपतं, आणि माणूस अ‍ॅड्रिनल क्रायसिसमध्ये जाऊ शकतो: उलट्या, बीपी कोसळणं, शुद्ध हरपणं. कमी बीपी आणि १३१ सोडियम पाहता इथे ही शंका घ्यायलाच हवी. पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. दोष पिट्युटरीचा असेल तर अल्डोस्टेरॉन (मीठ-पोटॅशियम सांभाळणारं संप्रेरक) शाबूत राहतं, म्हणून पोटॅशियम वाढत नाही.

कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर निदान जवळपास पक्कं. १५ ते १८ च्या वर असेल तर बहुधा ठीक. मधल्या आकड्याला एसीटीएच उत्तेजन चाचणी लागते. इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर एकूण कॉर्टिसॉल फुगलेलं दिसतं. केसांसाठीच्या गोळ्यांतल्या बायोटिननेही काही यंत्रांवर ते खोटंच जास्त येतं, तेव्हा त्या किमान दोन दिवस आधी बंद. कुठलंही स्टेरॉइड चालू असेल, अगदी दम्याचा पंप किंवा सांध्यातलं इंजेक्शन, तर तेही लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

आता टीएसएच. फ्री टी४ इतकं खाली गेल्यावर निरोगी पिट्युटरीने टीएसएच चांगलंच चढवायला हवं होतं. २.१ वर ते स्वस्थ बसलंय, हाच बिघाड. थर्मोस्टॅटच बंद पडलाय, खोली गार आहे हे त्याला कळत नाही. उपचार सुरू झाल्यावरही टीएसएच पाहून डोस ठरवू नये. फ्री टी४ मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवायचं. हे न सांगता नुसतं टीएसएच तपासलं तर ते खाली दिसतं आणि कुणीतरी डोस उगाच कमी करून टाकतो. ही चूक फार होते.

सुईदोरा
प्रोलॅक्टिनबद्दल. बाकीची पिट्युटरी संप्रेरकं वरून हायपोथॅलॅमसने (पिट्युटरीवर हुकमत ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाने) ढकलली की वाढतात. प्रोलॅक्टिन उलटं: त्याला डोपामिन सतत दाबून ठेवतं. गाठीने पिट्युटरीला हायपोथॅलॅमसशी जोडणारा देठ दाबला की डोपामिन खाली पोचत नाही आणि प्रोलॅक्टिन वाढतं, गाठ स्वतः ते बनवत नसली तरी. अशी वाढ सहसा १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत राहते. १० मिमीहून मोठ्या खऱ्या प्रोलॅक्टिनोमात आकडा बहुधा २०० च्या पुढे असतो. १४ मिमीला ६८ हा मेळ बसत नाही.

तरी तीन गोष्टी बघा. डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड किंवा रिस्पेरिडोन चालू आहे का (यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं). लॅबला नमुना १:१०० पातळ करून पुन्हा मोजायला सांगा, कारण प्रोलॅक्टिन अफाट असेल तर चाचणी गुदमरून खोटा लहान आकडा देते (हे मुख्यतः खूप मोठ्या गाठींत घडतं, पण तपासणं सोपं आहे). आणि मॅक्रोप्रोलॅक्टिन, म्हणजे आकडा उगाच फुगवणारं प्रोलॅक्टिनचं मोठं, निष्क्रिय रूप.

हे ठरल्याशिवाय कॅबरगोलिनवर (प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या गोळीवर) विसंबू नका. देठाच्या दाबामुळे वाढलेलं प्रोलॅक्टिन त्याने खाली येईल, रिपोर्ट सुंदर दिसेल, आणि गाठ तशीच वाढत राहील. गाठ प्रोलॅक्टिनची नसेल आणि नजरेवर दाब असेल तर नाकावाटे शस्त्रक्रिया हाच मुख्य मार्ग. पेरिमेट्री (नजरेच्या कक्षेची तपासणी) या आठवड्यातच करून घ्या. दोन्ही बाहेरच्या बाजूंची नजर आधी जाते, समोरचं नीट दिसत असल्याने पेशंटला पत्ताही लागत नाही. रक्तात आयजीएफ-१ (वाढीच्या संप्रेरकाचा अंदाज देणारी चाचणी), एलएच आणि एफएसएच (अंडाशयांना चालना देणारी पिट्युटरीची संप्रेरकं) जोडा. रजोनिवृत्ती असती तर एफएसएच चढलेलं दिसलं असतं.

निरगुडी
आभार. कॉर्टिसॉल २.४ आलं. डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची गोळी) सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५ मिग्रॅ सुरू केलं, थायरॉक्सिन थांबवलं. लक्ष कशावर ठेवायचं?

काटेतोल
डोस योग्य आहे. पहिली गोळी उठल्याबरोबर, शेवटची रात्री उशिरा नको, झोप उडते. ताप आला तर डोस दुप्पट-तिप्पट, किती दिवस ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलटीने गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट पाहू नका, हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिग्रॅचं इंजेक्शन लागतं. गोळी स्वतःहून कधीच बंद करायची नाही. थायरॉक्सिन कधी सुरू करायचं ते एंडोक्रायनॉलॉजिस्ट ठरवतील.

लघवी दिवसाला ३ लिटरच्या वर गेली आणि तहान आवरेना, तर लगेच कळवा. कॉर्टिसॉल कमी असताना व्हासोप्रेसिनची (लघवी आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाची) कमतरता झाकली जाते, स्टेरॉइड सुरू झाल्यावर उघडी पडते. साध्या अ‍ॅडिनोमात (पिट्युटरीच्या कर्करोग नसलेल्या गाठीत) हे क्वचितच होतं, म्हणून झालं तर एमआरआय पुन्हा नीट वाचून घ्यावा लागेल.

सुईदोरा
आणि अचानक प्रचंड डोकेदुखी, उलटी, एकाचे दोन दिसणं किंवा पापणी खाली पडणं, यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सी. गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. सोबत एमआरआयची सीडी आणि स्टेरॉइड चालू असल्याची चिठ्ठी ठेवा.