धूळ मोजणाऱ्या सेन्सरसाठी चिमुकली पवनचक्की: मुंबईत परवडते का?

खाडीकाठ:
धुळीचे बिनतारी सेन्सर रस्त्याच्या पातळीवर बसवायला हवेत, कारण लोक श्वास तिथे घेतात. लालबागच्या उड्डाणपुलाखाली किंवा दोन टॉवरांमधल्या बोळात सौर पॅनेलला ऊन कुठलं? अशा जागी १० सेंमी व्यासाचा, १५ सेंमी उंच सॅवोनियस रोटर (उभ्या आसाभोवती फिरणारी, अर्ध्या पिंपांसारख्या पात्यांची पवनचक्की) लावावा. वारा कुठूनही आला तरी फिरतो. ३ मी/से वाऱ्यात तेवढ्या क्षेत्रातून २४० मिलीवॉट वाहतात. रोटर आणि जनरेटर मिळून ५ टक्के हाती लागले तरी १२ मिलीवॉट. जनरेटर म्हणून कमी केव्हीची (म्हणजे कमी फेऱ्यांतही पुरेसं व्होल्टेज देणारी) गिंबल मोटर (कॅमेरा स्थिर ठेवायला वापरतात ती), पुढे उलटसुलट वाहणारी वीज एकदिश करणारा शॉट्की डायोडचा ब्रिज.

ओहम:
३ मी/से गृहीत धरलंत तिथेच गणित फसतं. शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वारा २ वर उतरला की १२ चे साडेतीन मिलीवॉट उरतात, त्यातून ब्रिजचे दोन डायोड ०.६ व्होल्ट खातात. हिवाळ्यातल्या रात्री मतलई वारे मंद, आणि धूळ नेमकी तेव्हाच साचते. पंधरा मिनिटांनी तापमान-आर्द्रता पाठवणाऱ्या लोरा नोडला (कमी विजेत दूरवर संदेश धाडणाऱ्या रेडिओ उपकरणाला) सरासरी ०.०७ मिलीवॉट पुरतात. एए आकाराचा एक लिथियम थायोनिल सेल (रिचार्ज न होणारा) सात-आठ वर्षं चालेल. सोबत कपॅसिटर मात्र हवा, नाहीतर प्रक्षेपणाच्या ४० मिलीअँपिअरला व्होल्टेज खचतं.

खाडीकाठ:
तापमानासाठी सेल, मान्य. पण विषय धुळीचा आहे. पीएमएस ५००३ या धुळीच्या सेन्सरला ५ व्होल्टवर १०० मिलीअँपिअरपर्यंत लागतात. ३० सेकंद स्थिरावायला, १० मोजायला. म्हणजे २० ज्यूल, व्होल्टेज वाढवणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरचा तोटा धरून २३. तासाला एक नोंद घेतली तरी दिवसाला साडेपाचशे ज्यूल. तुमचा सेल दोन महिन्यांत रिकामा. दर दोन महिन्यांनी शिडी लावून शेकडो सेल कोण बदलणार?

परळ_पीसीबी:
दोघांनीही साठवणुकीकडे पाहिलेलं नाही. २.७ व्होल्टचे १० फॅरडचे दोन सुपरकपॅसिटर एकसरीत जोडले तर ५ ते ३ व्होल्टदरम्यान ४० ज्यूल मिळतात. दोन नोंदीही नाहीत! १५०० मिलीअँपिअर-तासांचा १८६५० आकाराचा, रिचार्ज होणारा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घ्या, महिनाभर वारा पडला तरी निभेल.

चार्जिंगला बीक्यू २५५७० ही चिप वापरणार असाल तर तिची व्हीओसी-सॅम्प पिन (मोटरकडून किती व्होल्टेजवर वीज घ्यायची ते ठरवणारी) ग्राउंडला जोडा. व्ही-स्टोर पिनला जोडली तर चिप खुल्या (भार नसतानाच्या) व्होल्टेजच्या ८० टक्क्यांवर काम करते. ते सौर पॅनेलला योग्य; मोटरला ५० टक्के लागतात. शिवाय चिप खुल्या व्होल्टेजचा नमुना १६ सेकंदांनी घेते, झुळूक तोवर निघून जाते. इनपुटची मर्यादा ५.१ व्होल्ट. पावसाळी वादळात मोटर ती सहज ओलांडते, म्हणून जादा व्होल्टेज रोखणाऱ्या झेनर डायोडशिवाय लावूच नका. आणि साधी स्टीलची बेअरिंग खाऱ्या हवेत गंजली की रोटर मंद वाऱ्यात सुरूच होत नाही.

ओहम:
एवढा सगळा खटाटोप, आणि १ वॉटचं पॅनेल पुलाच्या कठड्यावर बसवून पाच मीटर वायर खाली सोडली तर? ढगाळ दिवशी दोन तासांच्या लख्ख उन्हाइतकं मिळालं, त्यातलं निम्मं वाया गेलं, तरी ३६०० ज्यूल. गरजेच्या सहापट. वारा मला एकाच ठिकाणी पटतो: एसीच्या डक्टमध्ये, कारण तिथला प्रवाह स्थिर असतो.

खाडीकाठ:
कठड्यावरचं पॅनेल काजळीने माखतं आणि लोंबती वायर कुणीही ओढतं. त्यापेक्षा त्या जागी महिनाभर वाऱ्याचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर ठेवू. २.५ मी/से च्या वरचे तास निम्म्याहून कमी निघाले, तर त्या जागेपुरता माझा आग्रह सोडतो.