चहा, कॉफी, पेज, फुटी कढी (कोकमाची पातळ कढी) पाण्यात धरायची की नाही? (मदत हवी आहे)

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण घरात त्यावरून रोज वाजतंय म्हणून इथे विचारते.

नवरा वेर्ण्याला एका औषध कंपनीत आहे, गोळ्यांच्या पॅकिंगला. फेब्रुवारीत मुतखड्याने रात्रभर लोळला. खडा लहान होता, पडून गेला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्यायचं, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. पुढे कंपनीतल्या तपासणीत आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला: "रोज ३ लिटर साधे पाणी. चहा, कॉफी, सरबत यात धरू नये." तेव्हापासून मी बाटली घेऊन त्याच्या मागे, आणि तो म्हणणार, "अगं, दोन चा झाले, मशीनची कॉफी झाली, आता पेज जेवलो. ते काय सुकं होतं?"

आता खरी गंमत. सासूबाईंना हृदयाचा त्रास आहे. त्यांना दिवसाला दीड लिटरच्या वर काही पातळ द्यायचं नाही. त्यांच्या कागदावर चहा, दूध, पेज, कढी, आमटी सगळं त्या दीड लिटरात मोजायला सांगितलंय. म्हणजे एकाच टोपातला चहा आईंच्या कपात ओतला की पाणी, आणि त्यांच्या मुलाच्या कपात ओतला की पाणी नाही! दोन्ही कागद फ्रिजवर शेजारी शेजारी लावलेत. कोणाचं खरं?

काजूबोंडू

ताई, नवरोबांना विचारा, उर्राक (आपली काजूची हलकी दारू) कुठल्या कागदावर येतो? सीझन चालू आहे म्हणून चौकशी.

रायबंदरची

दोन कागदांची जोडी आवडली. उत्तर त्यातच आहे. मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

आईंचा कागद बरोबर आहे. पाणी आतड्यातून रक्तात गेलं की ते नळाचं, चहाचं की कढीचं, याची मूत्रपिंडाला काही पडलेली नसते. हृदय थकलेल्या माणसाच्या बाबतीत हिशेब चुकला तर पाय सुजतात, धाप लागते. तिथे चूक परवडत नाही, म्हणून तिथला हिशेब चोख. दुसऱ्या कागदातलं वाक्य ऐकीव आहे. बरेच जण ते तसंच पुढे देतात.

कॉफीने अंगातलं पाणी जातं, ही समजूत जुनी. कॅफिनने लघवी थोडी वाढते हे खरंच आहे. पण ज्या १९२८ सालच्या प्रयोगाचा दाखला देतात तो अवघ्या तीन माणसांवर झाला होता, आणि सवय असलेल्यांवर हा परिणाम उरत नाही हे त्यातच दिसलं होतं. २०१४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या लोकांनी रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज चार कप कॉफी दिली आणि दुसऱ्या फेरीत तेवढंच पाणी. अंगातलं एकूण पाणी मोजलं, लघवी मोजली. फरक सापडला नाही. आपल्या दुधाच्या चहात तर कॅफिन त्याहून कमी. तेव्हा कप रिकामा झाला की तो पाण्यात जमा करायला हरकत नाही.

रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, हे खूळही असंच. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने मोठ्या माणसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं, आणि लगेच पुढे लिहिलं की यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर पोचलं, दुसरं तिथेच राहिलं. २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने आठ ग्लासांना पुरावा काय म्हणून शोध घेतला, त्याला काही मिळालं नाही. २००४ चे अमेरिकेचे आकडे पुरुषांना ३.७ लिटर, बायकांना २.७ लिटर असे आहेत. ऐकून छाती दडपते. पण त्यात चहा-कॉफी धरलेली आहे आणि जेवणातलं पाणीही. साधारण पाचवा भाग जेवणातून येतो. युरोपने २०१० मध्ये तसाच सगळा मिळून हिशेब धरून २.५ आणि २ लिटर सांगितले. शिजलेल्या भाताच्या वजनात दोन तृतीयांश पाणीच असतं, त्यावर माशाचं हुमण ओतलं की बघायलाच नको.

मात्र पाणी म्हणून धरणं वेगळं आणि कितीही पिणं वेगळं. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. इन्स्टंट कॉफीच्या कपात ५० ते ६५ असतं, चहात ३० ते ६५. शिवाय जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, जेवणातलं लोह अंगी लागत नाही. गरोदर बायकांनी कॅफिन आणखी कमी ठेवायचं. आणि साखर. कपाला दोन चमचे साखर घालणाऱ्याने "सगळं पाणीच" म्हणत आठ कप चढवले, तर आहारतज्ज्ञ बाई पुढच्या वर्षी वेगळा कागद देतील.

काजूबोंडू, दारूने मेंदूतून येणारा पाणी राखण्याचा निरोप दबतो, म्हणून लघवीला धावावं लागतं. जितकी कडक तितकं ते जास्त. फेणी कुठल्याच कागदावर येत नाही. उर्राकात लिंबू-सोडा किती घालता त्यावर उरलेलं ठरेल.

डिचोलीकर

मला दोनदा खडा झालाय, म्हणून अनुभवाचं सांगतो. अबोलीताई, तुम्ही दोघं आत किती गेलं यावर भांडताय. डॉक्टर बोलले बाहेर किती आलं त्याबद्दल! अडीच लिटर लघवी म्हणाले ना? मग कप कसले मोजता, लघवी मोजा.

मे महिन्यात आपल्याकडे बसल्या जागी बनियन भिजतो. हवा इतकी दमट की घाम सुकत नाही, नुसता निथळतो, अंग थंड व्हायचं नाव नाही आणि पाणी मात्र गेलं. एसीत बसणाऱ्याने तीन लिटर प्यायले तर लघवी होईल दोन-सव्वादोन. तेवढंच पाणी पिऊन माणूस दुपारी बाइकवरून फोंड्याला आला तर दीडही होणार नाही. तीन लिटर हा आकडा दोघांना सारखाच लागू कसा पडेल?

माझ्या युरोलॉजिस्टने मला इटलीतला १९९६ चा एक अभ्यास सांगितला होता. पहिल्यांदा खडा झालेले १९९ जण, पाच वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना लघवी दिवसाला दोन लिटरच्या वर राहील इतकं पाणी प्यायला सांगितलं, त्यांच्यात शंभरातल्या बारा जणांना पुन्हा खडा. बाकीच्यांत सत्तावीस जणांना. औषध एक पैशाचं नाही.

चहाचं म्हणाल तर दूध घालून पितो तो चालतो. चहात ऑक्झलेट (खड्यात सापडतं ते द्रव्य) असतं, दुधातलं कॅल्शियम ते पोटातच धरून ठेवतं. कोरा चहा तांब्याने पिऊ नये. लिंबूपाणी उत्तम, साखर जवळजवळ नको. आणि मीठ! आपली फुटी कढी, खारं, सुकी मासळी. लघवीतून मीठ जाताना कॅल्शियमही सोबत जातं. मला पाण्यापेक्षा ते सोडणं जड गेलं.

पारोडा_एक्सप्रेस

आम्ही उन्हाळ्यात सरळ ओआरएसची पाकिटं आणून ठेवतो. पाण्याऐवजी तेच. ताकद पण राहते.

रायबंदरची

नको हो. ओआरएस जुलाब-उलटीचं औषध आहे. एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ असतं, सोडियमचे आणखी क्षार वेगळे. उन्हात दिवसभर राबणाऱ्याला एखाद वेळी ठीक. पाण्याऐवजी रोज नको, मुतखडेवाल्याला नको, आणि अबोलीच्या सासूबाईंना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

अबोली_फोंडा

सगळ्यांचे आभार. डिचोलीकर दादा, तुमचं वाचून दाखवलं. नवरा गप्प बसला. मग हळूच एक गोष्ट बाहेर आली, ती मला आजवर माहीत नव्हती.

त्यांच्या विभागात आत जाताना गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे, बुटांवर कव्हर असं सगळं चढवावं लागतं. मुतारीला जायचं तर ते सगळं उतरवायचं, हात धुवायचे, परत नवीन चढवायचं. आत पाणी न्यायला बंदीच. शिवाय मधे उठलं की लाइनवर दुसरा माणूस उभा करावा लागतो. म्हणून तो सकाळी बसमध्ये चढल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत घोटभर पाणी पीत नाही, मुद्दाम! आणि घरी आल्यावर माझ्या समाधानासाठी उभ्या उभ्या बाटली रिकामी करतो. मी बाटली बघून खूश.

आता याला काय करायचं?

डिचोलीकर

अरे देवा. खडा तिथेच बनतोय, वेर्ण्याला. रात्री बाटली रिकामी करून सकाळची दाट लघवी पातळ होत नाही. पाणी दिवसभर पसरायला हवं. सकाळी उठल्या उठल्या दोन ग्लास, म्हणजे बस पकडायच्या आधी एकदा जाऊन येता येतं. प्रत्येक सुट्टीत आधी पाणी मग चहा, आणि आत शिरायच्या आधी परत एकदा जाऊन यायचं. झोपताना एक ग्लास, रात्री उठावं लागलं तरी चालेल. आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या की याला शिफ्टमध्ये जादा एकदा बाहेर सोडावं. माझ्या ओळखीच्या एकाला सुपरवायझरने चिठ्ठी बघून लगेच होय म्हटलं. नाही म्हणायला त्यांनाही जड जातं.

रायबंदरची

चिठ्ठीला माझा दुजोरा. आणि कॉफीचा वाद मिटवायचाच असेल तर त्याला म्हणावं, मशीनची कॉफी पाण्यात धरली, खुशाल पी, पण जेवणाच्या सुट्टीची वाट न बघता पी.

रंगावरही नजर ठेवायची. फिकट पिवळा ठीक, चहासारखा दिसला तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असेल तर मात्र रंग फसवतो, भडक पिवळा होतो.

अबोली_फोंडा

रविवारी घरी मोजतो म्हणालाय. कसं मोजायचं? सकाळपासून रात्रीपर्यंत?

डिचोलीकर

नाही, पूर्ण २४ तास. उठल्यावरची पहिली लघवी मोजायची नाही, ती सोडून द्यायची आणि घड्याळ लावायचं. तिथून पुढची प्रत्येक वेळची जमा करायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली धरून. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली तर लॅबवाले मोठा कॅन देतात, त्यातून कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट पण कळतं. नुसतं माप हवं असेल तर खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणा आणि वहीत लिहीत जा. पण एक रविवारचं आणि एक कामाच्या दिवसाचं, दोन्ही मोजा. नुसत्या रविवारी आकडा छान येईल आणि तो परत तुम्हाला पेज दाखवेल.

कामाच्या दिवशी कंपनीत मग नेणं जमणार नाही, ते कळतं. तेव्हा संध्याकाळी घरी आल्यापासून सकाळी निघेपर्यंतचं मोजा आणि दिवसभरात किती वेळा गेला ते त्याला खरं सांगायला लावा.

काजूबोंडू

मगावर मार्करने नाव लिहा ताई. आमच्याकडे तो डाळ मोजायला गेला होता.